रुग्णालयातल्या सेफ्टीच्या नोकरीत पगार कशावर ठरतो: मुंबईत नव्याने येणाऱ्यांसाठी

परळ, अंधेरी, मुलुंड किंवा गिरगावातल्या मोठ्या रुग्णालयात 'सेफ्टी ऑफिसर' अशी पाटी असलेली दोन माणसं भेटली, तर त्यांचा पगार जवळपास सारखा असेल असं समजू नका. पदाचं नाव हा पगार ठरवणारा सर्वात कमजोर घटक आहे. खरा पगार तीन गोष्टींवर ठरतो: कुठल्या कागदावर तुमची सही लागते, तुम्ही कोणाच्या पगारपत्रकावर आहात, आणि तुमच्याशिवाय रुग्णालयाचं कोणतं काम अडतं. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. पगाराचं बोलणं त्या सगळ्यांच्या शेवटी येतं.

पायरी 1: जाहिरातीतलं काम नेमकं कोणतं, ते ओळखा

रुग्णालयात 'सेफ्टी' या एका शब्दाखाली निदान चार वेगळ्या नोकऱ्या असतात. त्यांचे पगाराचे रस्ते वेगळे आहेत.

पहिली फायर अँड सेफ्टीची. अग्निशमन यंत्रणा, ऑक्सिजन टाकी आणि मेडिकल गॅस, लिफ्ट, जनरेटर, बांधकामाचे परवाने, मॉक ड्रिल ही कामं तिच्यात येतात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार इमारतीच्या मालकाने किंवा वापरणाऱ्याने दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे 'फॉर्म बी', अग्निशमन दलाकडे द्यायचं असतं. त्यावर सही एजन्सीची असते, पण पंप चालतो का, स्प्रिंक्लरच्या लाइनला दाब आहे का, हे वर्षभर बघणारा माणूस तुम्ही असता.

दुसरी क्वालिटी आणि पेशंट सेफ्टीची. एनएबीएच (रुग्णालयांना मानांकन देणारं राष्ट्रीय मंडळ) किंवा जेसीआय (तसंच आंतरराष्ट्रीय मानांकन) यांच्या मानकांप्रमाणे कागदपत्रं, घटना-नोंदणी, मूळ कारण शोधणं, औषधांच्या चुका, रुग्ण पडण्याच्या घटना, ऑडिट. इथे बीडीएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी, नर्सिंग किंवा हॉस्पिटल अॅडमिनिस्ट्रेशन केलेली माणसं जास्त दिसतात.

तिसरी संसर्ग नियंत्रणाची, म्हणजे इन्फेक्शन कंट्रोल नर्स. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी नसेल तर हे दार बंद. जैववैद्यकीय कचऱ्याचं काम बहुतेक ठिकाणी हिच्या किंवा हाउसकीपिंग प्रमुखाच्या गळ्यात येतं.

चौथी किरणोत्सर्ग सुरक्षेची, म्हणजे रेडिएशन सेफ्टी ऑफिसर, आरएसओ. पगाराच्या बोलणीत सर्वात भक्कम जागा याच माणसाची असते. अणुऊर्जा नियामक मंडळाचं, म्हणजे एईआरबीचं, मुख्यालय आपल्याच अणुशक्तीनगरात आहे. मंडळाच्या 'ई-लोरा' या ऑनलाइन परवाना पोर्टलवर रुग्णालयाने नाव सुचवायचं आणि मंडळाने मान्यता द्यायची, अशी पद्धत आहे. मान्यता त्या संस्थेपुरती असते. आरएसओ सोडून गेला की संस्थेला लगेच दुसरा नेमावा लागतो, नाहीतर परवान्याचा प्रश्न उभा राहतो. रेडिओथेरपीत हे काम मेडिकल फिजिसिस्टकडेच असतं, त्यामुळे तिथे पोहोचणारी माणसं कमी आणि मागणी टिकून. साध्या एक्स-रे विभागात मात्र रेडिओलॉजिस्ट किंवा तंत्रज्ञालाच आरएसओ करतात, आणि त्याचा वेगळा भत्ता मिळेलच असं नाही. तो मागावा लागतो.

जाहिरातीत या चारांपैकी दोन-तीन कामं एकत्र दिसली, तर ती जागा शिकायला उत्तम असते, पण पगार बहुधा त्यातल्या सर्वात स्वस्त कामाचा लावलेला असतो. 'फायर, कचरा व्यवस्थापन, सिक्युरिटी आणि एनएबीएच समन्वय' असं एका ओळीत लिहिलेलं दिसलं, की प्रत्येक कामाला आठवड्याचे किती तास अपेक्षित आहेत ते विचारा. बेरीज 48 च्या पुढे गेली तर तिथेच बोलायला मुद्दा मिळतो.

पायरी 2: पगारपत्रक कोणाचं?

हा प्रश्न पहिल्याच फोनवर विचारा. काही रुग्णालयांत फायर आणि सेफ्टीची माणसं सिक्युरिटी किंवा फॅसिलिटी एजन्सीमार्फत घेतात. तेव्हा तुमचा पगार रुग्णालयाच्या वेतनश्रेणीवर न ठरता एजन्सीने टेंडरमध्ये भरलेल्या दरावर ठरतो. कंत्राट दोन वर्षांचं असेल तर दर दोन वर्षं गोठलेला, आणि एजन्सी बदलली की तुमची सेवा पुन्हा शून्यापासून. अशा ठिकाणी कितीही चांगलं काम केलं तरी रुग्णालयाच्या एचआरकडे तुमची पगारवाढ करायला खातंच नसतं.

सुरुवात म्हणून एजन्सीची नोकरी घेऊ नये असं नाही. पण दोन गोष्टी लेखी घ्या: अनुभवाच्या दाखल्यावर रुग्णालयाचं नाव आणि खाटांची संख्या येईल, आणि रुग्णालयाने तुम्हाला थेट घ्यायचं ठरवलं तर एजन्सी आडवी येणार नाही.

त्याच्याच जोडीचा दुसरा प्रश्न: तुम्ही कोणाला रिपोर्ट करणार? मेडिकल डायरेक्टर किंवा सीओओ (मुख्य कार्यचालन अधिकारी) यांच्या हाताखालची जागा आणि सिक्युरिटी मॅनेजरच्या हाताखालची जागा, काम तेच असलं तरी वाढीचा वेग वेगळा असतो. पगारवाढीच्या बैठकीत तुमच्या बाजूने बोलणाऱ्या माणसाचं स्वतःचं वजन किती, हे नव्या माणसाच्या लक्षात फार उशिरा येतं.

पायरी 3: रुग्णालयाचं माप घ्या

मुलाखतीला जाण्याआधी रुग्णालयाच्या संकेतस्थळावरून आणि एकदा इमारतीत फिरून या गोष्टी टिपून ठेवा.

खाटा किती, आणि त्यात आयसीयूच्या किती. 30 खाटांच्या नर्सिंग होमला पूर्णवेळ सेफ्टीचा माणूस परवडत नाही. तिथे अर्धवेळ सल्लागार किंवा दोन-तीन शाखांत फिरणारा माणूस असतो. आयसीयू, नवजात कक्ष, डायलिसिस, कॅथलॅब, एमआरआय, रेडिओथेरपी जितकी जास्त, तितकी जोखीम जास्त आणि तुमच्या जागेचं मोल जास्त.

मानांकन कोणतं. एनएबीएचच्या मानकांत सुविधा व्यवस्थापन आणि सुरक्षेचं स्वतंत्र प्रकरण आहे, संसर्ग प्रतिबंधाचं वेगळं आणि रुग्णसुरक्षा व गुणवत्तेचं वेगळं. मूल्यांकन करायला येणारे मॉक ड्रिलच्या नोंदी, सुरक्षा फेऱ्यांचे अहवाल, घटनांवर काय कारवाई झाली हे मागतात. म्हणून फेरमूल्यांकन जवळ आलेलं रुग्णालय माणूस घाईने शोधतं आणि त्या वेळी चार पैसे जास्त देतं. याची दुसरी बाजूही लक्षात असू द्या: फक्त मूल्यांकनासाठी घेतलेला माणूस मूल्यांकनानंतर खर्च वाटू लागतो. नियुक्ती कायम स्वरूपाची आहे की मुदतीची, ते पत्रात वाचा.

इमारत कशी आहे. जुन्या इमारतीत नंतर घातलेले आयसीयू, तळघरातला जनरेटर, बंद करून गोदाम केलेला जिना, ही सगळी तुमच्या डोक्यावर येणारी कामं आहेत. मुंबईत पावसाळा हाही सेफ्टीच्या माणसाचा हंगाम. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. अशा दिवशी तळघरातले पंप आणि वीजपुरवठा सांभाळायला रात्रभर थांबणारा माणूस तुम्हीच असणार. जून ते सप्टेंबरच्या ऑन-कॉलचा मोबदला किंवा बदली रजा आधीच बोलून घ्या.

रुग्णालयांत सेफ्टीला आज जे महत्त्व आलं आहे, ते फार मोठी किंमत मोजून आलं आहे. डिसेंबर 2018 मध्ये अंधेरीच्या कामगार रुग्णालयाला आग लागली. 9 जानेवारी 2021 ला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षातल्या आगीत 10 बाळं गेली आणि त्यानंतर राज्यभरच्या रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी मार्चमध्ये भांडुपला मॉलमधल्या रुग्णालयात आणि 23 एप्रिलला विरारला आयसीयूत आग लागली. 21 एप्रिलला नाशिकला ऑक्सिजनच्या टाकीची गळती झाली आणि व्हेंटिलेटरवरचे रुग्ण गेले. त्याआधी जानेवारी 2018 मध्ये नायर रुग्णालयात ऑक्सिजन सिलिंडर एमआरआयच्या खोलीत गेल्याने एका तरुणाचा जीव गेला. या घटना अभ्यासूनच मुलाखतीला जा. 'आयसीयूत एसीने पेट घेतला, व्हेंटिलेटरवर आठ रुग्ण आहेत, पहिल्या तीन मिनिटांत काय कराल?' याला मुद्देसूद उत्तर देता येणं हे पदवीपेक्षा जास्त पगार मिळवून देतं. उत्तराचा क्रम साधारण असा हवा: कोड रेड (आगीचा इशारा) जाहीर करणं, रुग्णांना अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) आणि सुट्या सिलिंडरवर घेणं, मग त्या विभागाचा ऑक्सिजन व्हॉल्व्ह बंद करणं, आडवं स्थलांतर म्हणजे त्याच मजल्यावरच्या दुसऱ्या फायर कंपार्टमेंटमध्ये (आग पसरू नये म्हणून वेगळ्या केलेल्या भागात) हलवणं, आणि जिना सर्वात शेवटी. व्हॉल्व्ह आधी आणि अँब्यू नंतर असं उलटं सांगितलंत, तर समोरच्याला कळतं की तुम्ही कारखान्याची सेफ्टी शिकून आला आहात, रुग्णालयाची नाही.

पायरी 4: शिक्षणावर पैसे कोणत्या क्रमाने घालावेत

कारखान्यातल्या सुरक्षा अधिकाऱ्याची पात्रता कायद्याने ठरलेली आहे. साधारणपणे रुग्णालय कारखान्याच्या व्याख्येत बसत नाही, त्यामुळे 'सुरक्षा अधिकारी नेमलाच पाहिजे' हा कायद्याचा धाक रुग्णालयाला तसा नसतो. इथल्या सेफ्टीच्या पगाराची मूळ कमजोरी हीच आहे. म्हणूनच एखाद्या परवान्याशी किंवा मानांकनाशी स्वतःला जोडून घेणं इतकं महत्त्वाचं.

फायरच्या बाजूने जायचं असेल तर नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय किंवा राज्य सरकारचं प्रशिक्षण यांना पहिला मान. सुरक्षेची पदविका घ्यायची तर शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेची किंवा तंत्रशिक्षण मंडळाची मान्यता असलेली घ्या. 'फायर अँड सेफ्टी'चे अनेक खासगी वर्ग मोठ्या नावाचं प्रमाणपत्र देतात. पैसे भरण्याआधी ती पदविका कोणत्या सरकारी मंडळाची आहे, हे लेखी मागा. उत्तर गोलगोल आलं तर तिथून निघा.

क्वालिटीच्या बाजूला टीआयएसएसची (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची) हॉस्पिटल अॅडमिनिस्ट्रेशनची पदव्युत्तर पदवी वजनदार आहे. ती जमणार नसेल तर एनएबीएचचा अंमलबजावणीवरचा कार्यक्रम किंवा 'काहो' या मानांकित रुग्णालयांच्या संघटनेचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम कमी पैशात उपयोगी पडतात. सीपीएचक्यू ही आरोग्यसेवेतल्या गुणवत्तेची परदेशी परीक्षा तीन-चार वर्षांच्या अनुभवानंतर द्या, कारण अनुभवाशिवाय ते प्रमाणपत्र पगारात फारसं उतरत नाही. नेबॉश या ब्रिटिश सुरक्षा प्रमाणपत्राचंही तसंच. आखातात त्याला भाव आहे, मुंबईतल्या रुग्णालयात त्याहून जास्त विचार वॉर्डमधल्या अनुभवाचा होतो.

मेडिकल फिजिक्सकडे वळायचं असेल तर भौतिकशास्त्रात एमएससीनंतर बीएआरसीची (भाभा अणुसंशोधन केंद्राची) रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका हा जुना आणि खात्रीचा मार्ग आहे. तो लांब आहे, प्रवेश थोड्यांनाच मिळतो, पण आधी सांगितलेली भक्कम जागा त्यातूनच येते.

आणि मराठी-हिंदी दोन्हींत प्रशिक्षण देता येणं हे कौशल्य बायोडेटात लिहा. वॉर्डबॉय, आया, हाउसकीपिंगच्या मावशी यांना कचऱ्याच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या वर्गवारीतला फरक इंग्रजी स्लाइड दाखवून कळत नाही. चुकीच्या पिशवीत गेलेली सुई दुसऱ्या कोणाच्या तरी हातात घुसते. हे प्रशिक्षण नीट देणारी माणसं कमी आहेत.

पायरी 5: ऑफर लेटर बेरीज-वजाबाकी करून वाचा

एचआर आकडा सांगतं तो सीटीसी, म्हणजे तुमच्यावर रुग्णालयाचा होणारा वर्षाचा एकूण खर्च. समजा 6,00,000 रुपये सांगितले, म्हणजे महिना 50,000. मूळ वेतन 25,000 धरू. यातून मालकाच्या वाट्याचा पीएफ 12 टक्के, म्हणजे 3,000. ग्रॅच्युइटीची तरतूद मूळ वेतनाच्या 4.81 टक्के, म्हणजे सुमारे 1,200. गटविम्याचा हप्ता समजा 800. आणि सीटीसीच्या 10 टक्के 'व्हेरिएबल', म्हणजे 5,000, वर्षअखेर मिळणार. उरले 40,000. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ 3,000 आणि व्यवसाय कर 200 गेला. हातात 36,800.

हेच जर पीएफ पूर्ण मूळ वेतनाऐवजी 15,000 च्या मर्यादेवर कापला, तर दोन्ही बाजूंचा पीएफ 1,800-1,800 होतो आणि हातात 39,200 येतात. महिन्याला 2,400 जास्त दिसतात, पण तुमच्या पीएफ खात्यात 2,400 कमी जमा होतात. कोणती पद्धत आहे ते विचारा. दोन ऑफर्सची तुलना करताना हा फरक पुसून घेतल्याशिवाय निर्णय नको.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये वेतनाची व्याख्या बदलली आहे. वेतनातून वगळलेले भत्ते (घरभाडे वगैरे) एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. मूळ वेतन मुद्दाम तीस टक्क्यांवर ठेवून ग्रॅच्युइटी वाचवण्याची जुनी रीत त्यामुळे अडचणीत येते. मुदतीच्या नोकरीवर घेत असतील तर एका वर्षानंतर प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते, हेही लक्षात ठेवा.

सुरुवातीचा पगार 21,000 किंवा त्याखाली असेल तर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागतो: तुमचे 0.75 टक्के, मालकाचे 3.25. आई-वडील तुमच्यावर अवलंबून असतील तर या योजनेची किंमत कमी लेखू नका.

मग तास. 45,000 रुपये, सहा दिवसांचा आठवडा, रोज आठ तास, म्हणजे महिन्याला 208 तास: ताशी सुमारे 216 रुपये. 42,000 रुपये, पाच दिवसांचा आठवडा, 176 तास: ताशी सुमारे 239. कमी आकड्याची नोकरी इथे तासाला जास्त देते. त्यात विरार किंवा बदलापूरहून सकाळी सातच्या शिफ्टला पोहोचायचं असेल तर पहाटेची कोणती लोकल पकडायची हे वेळापत्रक उघडून बघा, आणि रात्री थांबावं लागलं तर झोपायला खोली आहे का, तेही विचारा.

पत्रात शोधायच्या आणखी गोष्टी: नोटीसचा काळ साठ दिवस की नव्वद, कोर्सचा खर्च रुग्णालय देणार असेल तर बाँड किती वर्षांचा, आणि पगारवाढ एप्रिलमध्ये होत असेल तर तुमच्या तारखेला रुजू झालेल्याला ती पहिल्याच वर्षी मिळते का. जानेवारीत रुजू होऊन पंधरा महिने वाढीची वाट बघणारे कमी नाहीत.

पायरी 6: मुलाखतीत आकडे ठेवा

'मी मेहनती आहे' या वाक्याला पगार नाही. पहिल्या नोकरीपासून स्वतःचं टिपण ठेवा. किती मॉक ड्रिल घेतले, मजला रिकामा व्हायला पहिल्यांदा किती मिनिटं लागली आणि सहा महिन्यांनी किती. सुरक्षा फेरीत निघालेल्या त्रुटींपैकी किती मुदतीत बंद झाल्या. संसर्ग नियंत्रणात असाल तर दर काढून ठेवा: 1,500 कॅथेटर-दिवसांत (नळी लावलेल्या सगळ्या रुग्णांचे मिळून दिवस) 3 संसर्ग झाले, तर 3 भागिले 1,500 गुणिले 1,000, म्हणजे दर 2. नुसते '3 संसर्ग' सांगितले तर त्याला अर्थ नाही.

इथे नवी माणसं एक ठराविक चूक करतात. आपल्या काळात घटनांच्या नोंदी कमी झाल्या, असं अभिमानाने सांगतात. जाणकार मुलाखतकाराला ही धोक्याची खूण वाटते, कारण नोंदी कमी होण्याचा अर्थ बहुधा नर्सेस घाबरून लिहीत नाहीत असा असतो. थोडक्यात टळलेल्या घटनांच्या नोंदी वाढल्या आणि इजा झालेल्या घटना घटल्या, हे सांगता आलं तर ते खरं यश. रुग्णाचं नाव, केस नंबर किंवा जुन्या रुग्णालयाचे अंतर्गत अहवाल मात्र कधीही दाखवू नका. गोपनीयता मोडणाऱ्याला सेफ्टीत कोणी ठेवत नाही, आणि ते योग्यच आहे.

अपेक्षा सांगायची वेळ आली की एकच आकडा न सांगता कामाशी जोडून बोला: 'फायर आणि गॅस एवढंच असेल तर इतकं, कचरा व्यवस्थापन आणि एनएबीएचही माझ्याकडे असेल तर इतकं.' आकड्याचा अंदाज घ्यायला टाटा मेमोरिअल सेंटर, महापालिका आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या भरतीच्या जाहिराती वाचा. त्यांत मानधन किंवा वेतनश्रेणी उघड छापलेली असते.

सरकारी बाजू थोडक्यात

केंद्राच्या संस्थांत पगार पदाच्या स्तरावर ठरतो, घासाघीस नाही. सातव्या वेतन आयोगात स्तर 6 चं सुरुवातीचं मूळ वेतन 35,400, स्तर 7 चं 44,900, स्तर 10 चं 56,100. मुंबई मोठ्या शहरांच्या 'एक्स' वर्गात असल्याने घरभाडे भत्ता 30 टक्के, म्हणजे स्तर 7 ला 13,470, आणि महागाई भत्ता वेगळा. पण परिचारिकेने संसर्ग नियंत्रणाचं काम घेतलं म्हणून तिचा स्तर बदलत नाही. ती नर्सिंगच्या श्रेणीतच राहते. कंत्राटी जागांना हे भत्ते सहसा नसतात, ठोक मानधन असतं. जाहिरातीत 'कंत्राटी' आणि 'एकत्रित मानधन' हे शब्द आहेत का, ते आधी बघा.

नोकरी बदलताना

राजीनामा देण्याआधी चालू कागद पूर्ण करा. जानेवारी किंवा जुलैचा फॉर्म बी, 30 जूनपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाला जाणारा जैववैद्यकीय कचऱ्याचा वार्षिक अहवाल, ऑक्सिजन टाकीच्या परवान्याचं नूतनीकरण, यांपैकी काही अर्धवट असेल तर तुम्ही गेल्यावर दोष तुमच्या नावावर जातो. आरएसओ असाल तर ई-लोरावर तुमच्या जागी दुसऱ्याची नेमणूक झाल्याची खात्री करा आणि अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजणाऱ्या टीएलडी बॅजच्या तुमच्या डोसच्या नोंदींची प्रत घ्या. पुढच्या संस्थेत ती लागते. हस्तांतराच्या यादीवर तुमची आणि काम घेणाऱ्याची सही आणि तारीख घ्या.

अनुभवाच्या दाखल्यात 'सेफ्टी ऑफिसर म्हणून काम केले' एवढ्यावर समाधान मानू नका. खाटांची संख्या, मानांकनाचं नाव, तुम्ही सांभाळलेले विभाग आणि ज्या समितीचे सचिव किंवा सदस्य होतात तिचं नाव, हे चार तपशील मसुदा स्वतः लिहून एचआरकडे द्या. शेवटच्या आठवड्यात एचआरला वेळ नसतो, म्हणून हा मसुदा नोटीसच्या पहिल्या पंधरवड्यातच पोहोचवा.